पोल : उजेडाच्या वळणाचा हिशेब

शीळफाट्यावर मुंब्रा-पनवेल रस्त्याला कल्याणहून येणारा रस्ता मिळतो आणि महापेकडे जाणाराही तिथूनच फुटतो. पारसिकच्या डोंगरापलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा, एका अंगाला डोंबिवलीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला तळोजा. त्यामुळे रसायनांचे टँकर आणि औषधांच्या कच्च्या मालाचे ड्रम या नाक्यावर बारा महिने दिसतात. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की घाटावरून उतरणारे साखरेचे ट्रक त्यांच्यात येऊन मिसळतात. गोणीतली साखर आणि ड्रममधली औषधी भुकटी यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटत नाही, पण दोघींची परीक्षा करताना एक आकडा सारखाच लागतो. द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती अंशांनी वळले, हा तो आकडा. औषधवाले त्याला स्पेसिफिक रोटेशन म्हणतात, साखरवाले नुसते ‘पोल’. हा आकडा एकट्या पदार्थाचा कधीच नसतो. नळीची लांबी, द्रावणाची तीव्रता, प्रकाशाचा रंग, तापमान, द्रावक आणि सोबतची भेसळ या सगळ्यांचा मिळून तो तयार होतो. या अटी एकेक करून कागदावर आल्या त्या बहुतेक वेळा पैशाच्या भांडणांमुळे. महाराष्ट्राच्या साखरधंद्याने मात्र आकडा उचलला आणि अटी लॅबच्या दाराआड ठेवल्या, असे या इतिहासाकडे पाहून म्हणावे लागते.

मूळ शोध फ्रान्समधला. परावर्तित प्रकाश ध्रुवित होतो हे एतिएन माल्यूसने १८०८ मध्ये दाखवले. १८१५ मध्ये झाँ-बातिस्त बिओने टर्पेंटाइन, कापराचे अल्कोहोलमधले द्रावण आणि साखरेचे पाणी तपासले आणि हे द्रव प्रकाशाचे प्रतल फिरवतात असे त्याला आढळले. स्फटिकही प्रतल फिरवतात, पण त्यांच्या बाबतीत श्रेय रचनेला देता येते. द्रवात रचना मोडलेली असते. तरीही वळण उरते, याचा अर्थ ते रेणूच्या अंगचेच असले पाहिजे, हे बिओने ओळखले. नळी दुप्पट लांब केली तर वळण दुप्पट होते, द्रावण दुप्पट दाट केले तरी साधारण दुप्पट, आणि लाल प्रकाशापेक्षा जांभळा कितीतरी जास्त वळतो. साखरेचे विशिष्ट वळण सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २० अंश सेल्सिअसला, उजवीकडे सुमारे ६६.५ अंश येते. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर घेतली आणि २ डेसिमीटरच्या नळीतून पाहिले, तर ६६.५ गुणिले २ गुणिले ०.२६ म्हणजे साडेचौतीस अंशांच्या जरा वर वळण मिळते. साखरेच्या धंद्याने या वळणाला १०० हे नाव दिले आणि खालचे सगळे अंश त्याच्या टक्क्यांत मोजले. शंभर म्हणजे शुद्ध साखर आणि शहाण्णव म्हणजे चांगली कच्ची साखर. वाचायला इतका सोपा आकडा दुसरा नसेल, आणि त्या सोपेपणामुळेच त्यामागच्या अटी नजरेआड होतात.

पोलच्या आधी साखरेची पारख डोळ्यांनी होई. कोल्हापूरच्या पेठेत गुळाचे सौदे अजूनही रंग, कणी आणि चव पाहून होतात. आंतरराष्ट्रीय व्यापारातही एकोणिसाव्या शतकात असेच होते, फक्त त्याला ‘डच स्टँडर्ड’ असे भारदस्त नाव होते. जाव्याच्या साखरेचे काळपट ते पांढरे असे नमुने क्रमांक घातलेल्या बाटल्यांत भरत, त्यांच्याशी माल ताडून पाहत आणि त्यावर जकात ठरे. हिंदुस्थानच्या जकात-तक्त्यांतही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे डच क्रमांक होते. पद्धतीतली फट व्यापाऱ्यांनी लवकर हेरली. साखर शुद्ध ठेवून तिला मुद्दाम काळपट रंग आणला की जकात कमी पडे, आणि अमेरिकेच्या बंदरांवर १८७० च्या दशकात यावरून मोठे वाद झाले. अखेर १८८३ च्या अमेरिकी जकात कायद्याने बहुतेक कच्च्या साखरेसाठी बाटल्यांचा भरवसा सोडला आणि कर पोलरिस्कोपच्या अंशांवर बांधला. ७५ अंशांपर्यंत पौंडामागे १.४० सेंट आणि पुढच्या प्रत्येक अंशाला ०.०४ सेंट. मेजावरच्या यंत्राची खूण अशी कायद्याच्या कलमात जाऊन बसली.

अंशावर पैसे लागू झाले, तेव्हा अंश कोणत्या तापमानाचा हा प्रश्न टाळता येईना. तापमान वाढले की साखरेचे वळण किंचित घटते आणि मोजणाऱ्या यंत्रातली क्वार्ट्झची पाचरही बदलते. दोन्ही धरून दहा अंशांच्या वाढीला शंभरातले सुमारे ०.३ अंश कमी दिसतात. अमेरिकी रसायनज्ञ हार्वे वायलीने १८९९ मध्ये या परिणामावर अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी अर्थखात्याने उन्हाळ्यात तपासलेल्या मालाच्या आकड्यात दुरुस्ती मिळवून जास्त कर मागायला सुरुवात केली आणि आयातदार कोर्टात गेले. पोलचे वेगवेगळ्या देशांतले मापही एक नव्हते. फ्रेंच यंत्राला एका वजनाची साखर घ्यावी लागे, जर्मन यंत्राला दुसऱ्या. हा घोळ निस्तरण्यासाठी १८९७ मध्ये हॅम्बुर्गला आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली, तीच आजची इकुम्सा. साखर २६ ग्रॅम, द्रावण १०० मिलिलिटर, तापमान २० अंश, हा करार विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला. पुढे १९१६ मध्ये बेट्स आणि जॅक्सन या संशोधकांनी दाखवून दिले की शंभराची खूणच सुमारे एक दशांश अंश चुकीच्या जागी आहे. ती हलवायला १९३२ ची ॲम्स्टरडॅमची बैठक यावी लागली. शुद्ध साखर तीच, प्रकाश तोच, आणि तरी शंभर कुठे लिहायचे हे ठरवायला इतकी वर्षे गेली.

योगायोग असा की १९३२ हेच साल महाराष्ट्राच्या साखरेलाही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, जाव्याच्या साखरेवर जबर जकात बसली आणि दख्खनच्या कालव्यांवर कारखान्यांची रीघ लागली. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता. आता वालचंदनगर, माळीनगर, रावळगाव ही नावे पुढे आली. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्रही १९३२ चेच. १९३६ मध्ये पुण्यात डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. त्याच सुमारास कानपूरला सरकारी साखरतंत्र संस्था निघाली आणि तिथे शिकलेले केमिस्ट पोलरीमीटर, दोनशे मिलिमीटरची काचेची नळी आणि शिशाच्या क्षाराची बरणी घेऊन इकडच्या लॅबांत रुजू झाले. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हा ही विद्या तयार होती. १९७५ मध्ये मांजरीला ऊस उत्पादकांनी उभी केलेली संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तिची वारस झाली. पण ही विद्या थंड देशांतून आली होती. २० अंश हे तापमान जर्मनीतल्या खोलीला सहज जमते. फेब्रुवारीतल्या दुपारी श्रीरामपूरच्या किंवा माळशिरसच्या लॅबला ते जमणारे नव्हते. ब्रिक्सच्या, म्हणजे रसात विरघळलेले एकूण घनपदार्थ मोजणाऱ्या, हायड्रोमीटरबाबत व्यवहारी तोड निघाली आणि उष्ण देशांसाठी तो २७.५ अंशांना अंकित होऊ लागला. पोलच्या बाबतीत मात्र खोलीतल्या हवेवर भिस्त ठेवून काम चालत राहिले.

इतक्या किरकोळ फरकाची कसली चर्चा, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. चौदा पोलचा रस तीस अंशांना मोजला तर साखरेच्या वळणात ०.०४ च्या आसपास घट येते. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला कागदावर ही चारशे टनांच्या घरातली साखर. पण आक्षेपाला एक जास्त चांगले उत्तर आहे आणि ते रसायनशास्त्रातूनच येते. रसात नुसती साखर नसते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. फ्रुक्टोज प्रकाश डावीकडे फिरवते, तेही साखरेपेक्षा जोरात, ९२ अंशांच्या आसपास. शिवाय तापमानाचा फ्रुक्टोजवर फार मोठा परिणाम होतो. साखर फोडून झालेले ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण थंडीत डावीकडे वळते, तापवत नेले की वळण कमी होत जाते आणि ८७ अंशांच्या सुमाराला शून्यावर येते. म्हणून रसात अशी फुटलेली साखर एक टक्का असेल, तर दहा अंशांच्या उकाड्याने तिच्यामुळे पोल ०.०५ ने वाढतो. मूळ साखरेने गमावलेले ०.०४ अशा रीतीने भरून निघतात, थोडे जास्तच. पक्व, ताज्या उसात फुटलेली साखर थोडी, तिथे घट राहते. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसात ती जास्त, तिथे उलट फुगवटा दिसतो. शुद्ध साखरेसाठी काढलेली दुरुस्ती कच्च्या मालाला सरसकट लावता येत नाही ती यामुळे. म्हणजे तापमानाची चूक लहान असली तरी एकाच दिशेची नाही, ती उसाच्या ताजेपणावर अवलंबून आहे. आमच्या हंगामाच्या चर्चेत ताजेपणा हाच तर कळीचा मुद्दा असतो.

त्याहून मोठा गोंधळ डेक्स्ट्रानचा. तोडलेल्या किंवा जळालेल्या उसात ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखरेपासून बुळबुळीत डेक्स्ट्रान बनवतात. कारखान्यात ते नको असते, कारण रस गाळायला आणि दाणा पडायला त्रास देते. पण पोलरीमीटरला ते फार आवडते. डेक्स्ट्रान उजवीकडे वळवते, साखरेच्या जवळपास तिप्पट. रसात ०.१ टक्का डेक्स्ट्रान राहिले तर पोल ०.३ ने फुगू शकतो. ऊस बिघडला, साखर घटली आणि यंत्र ती वाढली म्हणून सांगते. यात शिशाची भर आहे. गढूळ रसातून प्रकाश जात नाही म्हणून तो शिशाच्या क्षाराने निवळायचा, ही शंभरेक वर्षांची रीत. त्याचा साका नळकांड्यात जागा खातो, उरलेले द्रावण दाट होते आणि पोल वर सरकतो. वर शिसे ते शिसे, लॅबच्या मोरीतून ओढ्याला जाणारे. ॲल्युमिनियमच्या क्षारांची निवळी आणि ८८० नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशावर चालणारी नवी यंत्रे हा त्यावरचा उपाय आहे. लांब तरंगलांबीला तपकिरी रंग फारसा अडवत नाही. मात्र त्या प्रकाशात साखरेचे वळण सोडियमच्या निम्म्याहून कमी होते, म्हणजे मोजमाप जास्त बारकाईने करावे लागते. बिओने पाहिलेला रंगाचा परिणाम इथे कामाला आला, पण फुकट आला नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते उताऱ्यावर, आणि उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून प्रत्यक्ष पोत्यात पडलेली साखर. ती काट्यावर मोजतात. उजेड किती वळला याच्याशी तिचा संबंध काय? आक्षेप अर्धा खरा आहे. महाराष्ट्रात एकेका शेतकऱ्याच्या उसाचा पोल काढून त्याला दर देत नाहीत. क्वीन्सलंडमध्ये शतकभर अशी रीत आहे, तिथे पहिल्या रसाचा पोल आणि ब्रिक्स सूत्रात घालून मालाचा दर ठरतो. आपल्याकडे को ८६०३२ हे वाण लावून चोख, वेळेवर ऊस देणाऱ्याला आणि कोवळा ऊस ढकलणाऱ्याला उतारा एकच. पण पोती मोजल्यावरही प्रश्न संपत नाही. उसात मुळात साखर होती किती, त्यातली बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये, मोलॅसिसमध्ये किती गेली, टाक्यांत अजून अडकलेली किती, हे सगळे पोलवरूनच ठरते. जमाखर्च जुळत नाही तेवढी साखर ‘अज्ञात तोटा’ या रकान्यात टाकतात. रस आणि बगॅस एकाच गरम खोलीत मोजले तर तापमानाची चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि त्यांची तुलना बिघडत नाही. पण एका बाजूला गरम लॅबमधला पोल आणि दुसऱ्या बाजूला काट्यावरची गोणी ठेवली, की चूक कुणाच्या तरी पदरात पडतेच. तो पदर म्हणजे अज्ञात तोटा. कारखान्यावर उताराचोरीचा आरोप होतो तेव्हा दोन्ही पक्ष याच रकान्याकडे बोट दाखवतात, आणि तो कोणत्या अटींवर भरला गेला हे आरोप करणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. एक दशांश टक्क्याची किंमत काही थोडी नाही. २०२५-२६ च्या हंगामात एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे आहे. पायाभूत उतारा पूर्वी साडेआठ टक्के होता. तो टप्प्याटप्प्याने साडेनऊ, दहा आणि २०२२-२३ पासून सव्वादहावर गेला, त्यामुळे ज्या दशांशांवर जास्तीचे पैसे मिळतात ते आकसले. २०१८ पासून आणखी एक गुंता झाला. रस किंवा बी-हेवी मोलॅसिस इथेनॉलकडे वळवले तर त्यातली साखर पोत्यात पडतच नाही. ऊस नियंत्रण आदेशातल्या दुरुस्तीने ६०० लिटर इथेनॉल म्हणजे एक टन साखर असे समीकरण घालून दिले. पोती मोजणे हा जो शेवटचा दिलासा होता, तोही अशा कारखान्यांत निम्माच राहिला. वळवलेल्या मोलॅसिसमध्ये किती साखर गेली हे प्रत्यक्ष तपासायचे तर पुन्हा लॅबकडेच जावे लागते.

औषधांच्या बाजूला पाहिले की फरक उठून दिसतो. क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉलच्या रेणूचा एक ‘हात’, म्हणजे डाव्या-उजव्या रूपांपैकी एक, कामाचा, त्याचे आरशातले प्रतिबिंब त्या रोगावर जवळजवळ निरुपयोगी. तिथे पाण्यातले सहा-सात अंशांचे वळण हीच माल योग्य असल्याची खूण. विषमज्वरावरचे क्लोरॅम्फेनिकॉल तर द्रावकाचा सगळ्यात बोलका दाखला आहे. इथेनॉलमध्ये विरघळवले तर ते उजवीकडे १९ अंशांच्या आसपास वळवते, इथाइल ॲसिटेटमध्ये डावीकडे पंचवीसहून जास्त. औषध एकच, रेणू तोच. द्रावकाचे नाव न सांगता नुसता अंश छापला तर त्याला काही अर्थ उरत नाही, चिन्हालासुद्धा नाही. म्हणून औषधकोशात द्रावक, तीव्रता, तापमान, प्रकाशाची रेषा असे सगळे लिहिलेले असते. १९५५ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या भारतीय औषधकोशाची शिस्त हीच. तापमानाबद्दल कोशाकोशांत एकमत नव्हते. अमेरिकेचा कोश दीर्घकाळ २५ अंश धरत आला, ब्रिटिश परंपरा २० अंश, आणि दोन्हीकडे माल पाठवणाऱ्याला दोन्ही वाचावे लागतात. उष्णतेचा विषय निघालाच आहे तर पाश्चरचे सांगायला हवे. १८४८ मध्ये त्याने टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले. आपल्या चिंचेत भरपूर असते तेच हे आम्ल. त्या शोधातून रेणूच्या डाव्या-उजव्या हाताची सगळी विद्या निघाली. पण तो क्षार २७-२८ अंशांच्या खालीच असा वेगवेगळा स्फटिकतो, त्यावर दोन्ही हात एकाच स्फटिकात गुंततात. मे महिन्यात ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या हवेत पाश्चर पंखा लावून बसला असता तरी त्याला काही सापडले नसते.

आता एचपीएलसी आले, ते साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज वेगवेगळे मोजते, मग या जुनाट अंशाचा पाठपुरावा कशाला, असेही विचारले जाते. तंत्र म्हणून ते बरोबर आहे आणि वादाचा निकाल लावायला तेच वापरावे. पण दर तासाला रसाचे, बगॅसचे, मोलॅसिसचे नमुने येत असताना मिनिटभरात उत्तर देणारे, पाच महिने चिकट हवेत टिकणारे यंत्र म्हणून पोलरीमीटरला तोड नाही. शिवाय नव्वद वर्षांच्या हंगामी आकड्यांची मालिका त्याच्या भाषेत लिहिलेली आहे, को ७४० पासून फुले २६५ पर्यंतच्या वाणांची तुलना त्याच भाषेत झाली आहे. २६५ लवकर तोडला तर उतारा देत नाही, ही काही कारखान्यांची तक्रारही शेवटी पोलच्या वक्ररेषेवर तपासावी लागते. आंतरराष्ट्रीय कच्च्या साखरेचा वायदा अजूनही ९६ अंश पोलवर चालतो. वाशीच्या बाजारात मात्र एस-३० आणि एम-३० या साखरेच्या प्रतींचा भाव दाण्याच्या आकारावर आणि रंगावर ठरतो, म्हणजे डच बाटल्यांचा वंश आपल्या घरगुती व्यापारात अजून नांदतो आहे. तेव्हा यंत्र बदलण्याचा आग्रह धरण्यापेक्षा मागणी साधी असावी. हंगामाच्या अहवालात उसाचा पोल आणि अज्ञात तोटा छापताना शेजारी लॅबचे तापमान, निवळीचे रसायन, प्रकाशाची तरंगलांबी, तोडणीपासून गाळपापर्यंतचे सरासरी तास आणि शक्य तिथे डेक्स्ट्रानचे प्रमाण छापावे. यातली बहुतेक माहिती केमिस्टच्या वहीत असते किंवा सहज नोंदता येते. वार्षिक सभेत ती वाचून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.